नवा कॅमेरा आला नि पीसी रडायला लागला

प्रश्न: फोंड्याला आमचं लग्न-मुंजींच्या शूटिंगचं काम आहे. फुल एचडीत सगळं निभत होतं, आता फोर-के कॅमेरा घेतलाय, एच २६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), १० बिट ४:२:२ (रंगांचा जास्त तपशील). शिगम्याला रोमटामेळ (ढोल-ताशांची मिरवणूक) शूट केला, एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकला तर ढोल वाजतोय आणि ढोलवाला गोठलाय! पीसी आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम. दुकानदार म्हणतो मोठं ग्राफिक्स कार्ड टाका. टाकू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: थांबा जरा, पैसे खिशातच ठेवा. क्लिप प्ले करून टास्क मॅनेजर उघडा, सीपीयू शंभर टक्क्यांना भिडलेला आणि ग्राफिक्समधला 'व्हिडिओ डिकोड' (दाबलेला व्हिडिओ उलगडणारा भाग) झोपलेला दिसेल. तुमचा प्रोसेसर एच २६५ चं ४:२:२ हार्डवेअरवर उलगडूच शकत नाही, सगळी हमाली सीपीयूवर. आणि आरटीएक्स ५० सिरीजच्या आधीचं एनव्हिडियाचं कुठलंही कार्ड घ्या, त्यालाही ते जमत नाही, म्हणजे दुकानदाराने जुन्या सिरीजचं महागडं कार्ड गळ्यात मारलं तरी ढोलवाला गोठलेलाच.

हार्डडिस्कलाही उगाच दोष देऊ नका, कॅमेरा १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर ते सेकंदाला साडेबारा एमबी, एवढं जुनी डिस्कसुद्धा आरामात देते. जागा मात्र खाते, तासाला ४५ जीबी!

आत्ताचं काम प्रॉक्सीवर, म्हणजे क्लिपांच्या हलक्या नकलांवर काढा. रात्री १०८०पी प्रॉक्सी बनवायला लावून झोपा, सकाळी त्यावर कापाकापी करा, एक्सपोर्ट ओरिजिनलवरूनच होतो. फुकटचा उपाय आहे पण लोकांना कंटाळा येतो.

अपग्रेड करायचंच तर इंटेलचा बाराव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर बघा, त्याच्या आतल्या ग्राफिक्सला हे ४:२:२ येतं. फक्त नावाच्या शेवटी 'एफ' असलेला स्वस्तातला घेऊ नका, त्यात ते ग्राफिक्सच नसतं, मग सगळं मुसळ केरात. मदरबोर्ड बदलावाच लागेल, पण डीडीआर-४ (तुमच्या जुन्या रॅमचा प्रकार) वाला मिळाला तर जुनी रॅम चालेल, तिच्यात अजून १६ जीबी घाला.

पण त्याआधी कॅमेरा ८ बिट ४:२:० वर (रंगांचा तपशील कमी) टाकून अंगणातल्या तुळशीचं एक मिनिट शूट करा आणि तेच टाइमलाइनवर चालवून बघा. सुरळीत चाललं तर दुखणं कुठे आहे ते कळलं, आणि खरं सांगू, लग्नाच्या अल्बमला तेवढं पुरतं, चवथीपर्यंत तसंच ढकला.