फोनवरचं यूव्ही मीटर खरं की हवामानाचं ॲप?

प्रश्न: मी कळंगुटला शॅकवर काम करतो. फोनमधे एक फुकटचं यूव्ही (अतिनील किरण मोजणारं) मीटर टाकलंय, भर दुपारी वाळूवर धरलं तरी 3 च्या वर जात नाही, आणि हवामानाचं ॲप म्हणतं 12. खरं कुणाचं मानायचं? आणि ढग असले की हे बघायची गरज नसते ना?

उत्तर: फोनवालं आधी डिलीट मारा भाऊ. साध्या फोनमधे यूव्ही मोजणारा सेन्सरच नसतो, असतो तो उजेड मोजणारा, तोही काचेमागे, आणि काच यूव्ही-बी (यूव्हीतला जास्त भाजणारा भाग) जवळजवळ सगळं अडवते, म्हणजे ज्याने कातडी भाजते तेच आत पोचत नाही.

ॲपमधला 12 हा यूव्ही इंडेक्स, आणि इंडेक्स म्हणजे नुसतं ऊन नाही. यूव्ही किरण वेगवेगळ्या तरंगलांबीचे (ती नॅनोमीटरमधे मोजतात) असतात, प्रत्येक तरंगलांबी कातडीला किती भाजते त्याप्रमाणे तिला वजन देतात, 298 नॅनोमीटरला पूर्ण 1 धरलं तर 340 ला साधारण हजारावा भाग, मग सगळ्याची बेरीज, आणि चौरस मीटरला 25 मिलिवॅट झाले की इंडेक्स 1. तुमचा 12 म्हणजे फक्त 300 मिलिवॅट! दुपारचं एकूण ऊन हजार वॅटच्या आसपास असतं, त्यातनं एवढंसं वेगळं काढायचं म्हणजे क्वार्ट्झचा घुमट, खाली डिफ्यूजर (सगळीकडनं येणारे किरण पसरवून घेणारा), नको ते किरण अडवणारे फिल्टर, शिवाय झाड-इमारत आड येणार नाही अशी मोकळी जागा. फिल्टर जुने झाले की आकडा सरकतो म्हणून कॅलिब्रेशन (आकडा तपासून जुळवणं) परत परत करावं लागतं.

ॲपही मोजत नाही हं. सूर्याची उंची, ओझोन, ढगांचा अंदाज यावरनं हिशोब करतं, तरी तुमच्या मीटरपेक्षा त्याचंच ऐका.

ढगांचं म्हणाल तर पातळ ढगातनं बरंच यूव्ही खाली येतं, आणि तुटक ढगांच्या कडेने परावर्तन होऊन कधी कधी निरभ्र आकाशापेक्षा जास्तसुद्धा. गोव्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो तो मे च्या सुरुवातीला आणि परत 11 ऑगस्टच्या आसपास, म्हणजे ऐन पावसात जरा उघडीप मिळाली की ऊन मे सारखंच भाजणार, फक्त गार वाऱ्यात ते कळत नाही. आणि आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो 12 ला नाही, साडेबाराच्या पुढे. छत्रीखाली बसलात तरी आकाशातनं विखुरलेलं येतंच, वर कोरडी वाळू 15 टक्के उलटं फेकते.

मीटर विकत घ्यायचंच असेल तर दुकानदाराला विचारा की इंडेक्स दाखवतं का, स्वस्तातले बरेचसे 365 नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्यांसाठी असतात, ते तुमच्या कामाचे नाहीत.