पिकअपला दोन इंचांचा लिफ्ट: नुसते स्पेसर की पूर्ण किट, आणि घरी बसवता येईल का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेले) आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेला पिकअप दोन इंच उचलायला नुसते स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) पुरतील का, आणि हे काम घरी करता येईल का? गाडी ओझ्यासह कच्च्या रस्त्यावर चालवायची असेल, तर स्प्रिंग, शॉकअब्झॉर्बर आणि पाटे असा पूर्ण किट घ्यावा आणि दोन इंचांवरच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मागची बाजू घरी होऊ शकते. पुढच्या स्ट्रटमधली (स्प्रिंग आणि शॉकअब्झॉर्बर यांच्या एकत्र जोडणीतली) स्प्रिंग बदलण्याचे काम मात्र वर्कशॉपमध्येच करून घ्या, कारण ती दाबलेल्या अवस्थेत बसलेली असते आणि दाबयंत्र न लावता माथ्याचा मधला नट सोडला, तर ती जीवघेण्या जोराने सुटते.

खर्च करण्यापूर्वी लिफ्टने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे पाहून घ्या. मागचा एक्सल अखंड असतो. सस्पेन्शन कितीही उचलले तरी त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण ती उंची टायरवर ठरते. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढवला तर गोळा एक इंच वर जातो. लिफ्टने वर जातात ते चॅसी, बंपर आणि गाडीचे पोट. त्यामुळे चढाच्या पायथ्याशी बंपर टेकत असेल किंवा उंचवट्यावर पोट घासत असेल, तर लिफ्टचा खरा उपयोग आहे. दगडावर डिफरन्शियल आपटते ही तक्रार असेल, तर ती केवळ लिफ्टने जाणार नाही.

आता स्पेसर. स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसलेला असल्यामुळे त्याच्या माथ्यावर एक इंचाची चकती घातली, की चाकापाशी जवळपास दोन इंच मिळतात. म्हणूनच हा उपाय स्वस्त आणि मोहात पाडणारा आहे. अडचण अशी, की स्ट्रटची लांबी तीच राहते पण तो सबंध खाली सरकतो, त्यामुळे खड्ड्यावर चाक लोंबते तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली जाते. त्या क्षणी सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन फार तीव्र होतो, त्याचा रबरी बूट ताणला जाऊन कालांतराने फाटतो, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला अडतो आणि काही गाड्यांत स्प्रिंगच वरच्या आर्मला टेकते. चांगल्या किटमध्ये उंची स्प्रिंगमुळे मिळते आणि चाक किती लोंबू द्यायचे ते शॉकअब्झॉर्बरची लांबी ठरवते. त्याचीही किंमत आहेच: गाडी उभी असतानाच चाक आधीपेक्षा खाली असते, म्हणून पुढे लोंबण्याची चाल कमी उरते. दोन इंचांपर्यंत हा व्यवहार परवडतो. चार इंच किंवा अधिक उचलायचे असेल, तर पुढचा डिफरन्शियल आणि क्रॉसमेंबरही (चॅसीचा आडवा तुकडा) ब्रॅकेटने खाली घ्यावे लागतात; तो वेगळाच प्रकल्प आहे.

मागच्या बाजूला पाट्यांखाली ठोकळा घालणे किंवा लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी) लावणे हे सोपे मार्ग सुचवले जातात. ठोकळ्याने एक्सल आणि पाटे यांच्यातील अंतर वाढते, त्यामुळे जोरात रेस दिल्यावर एक्सल पाट्यांना अधिक पीळ देतो. एकावर एक ठोकळे तर कधीच घालू नयेत. शॅकल दोन इंचांनी लांब केली तर उंची साधारण एकच इंच मिळते आणि पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये ताकद आणणाऱ्या गिअरचा) कोनही बदलतो. पूर्ण पाटे बदलणे हाच नेटका मार्ग. ते निवडताना गाडीवर कायम असणारे ओझे प्रामाणिकपणे मोजा. जड पाटे रिकाम्या गाडीला आदळवतात, आणि त्यांनी गाडीची अधिकृत भारक्षमता मुळीच वाढत नाही.

घरी मागचे काम करताना चॅसी भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा आणि एक्सल वेगळ्या ट्रॉली जॅकवर धरा. एक्सल खाली सोडण्यापूर्वी ब्रेकच्या होज पाइपचा ब्रॅकेट, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि ब्रीदरची (एक्सलमधली हवा बाहेर सोडणारी) नळी मोकळी करा. एक्सलचे वजन होज पाइपवर कधीही येता कामा नये. पाट्यांचा सेंटर बोल्ट एक्सलवरच्या भोकात नीट बसला आहे ना, हे बोटाने चाचपून पाहा. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच वापरा, ते आळीपाळीने आणि टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळा, आणि काही शे किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासा, कारण नवे पाटे बसल्यावर पकड हमखास थोडी सैल होते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते बुशकडे. पाट्याच्या डोळ्यातला रबरी बुश बोल्ट आवळल्यावर आतल्या नळीशी जखडला जातो आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळण्यातून होते. चाके लोंबत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते, ते लवकर फाटते आणि उंचीही चुकीची दिसते. म्हणून पाट्यांचे, शॅकलचे आणि पुढच्या आर्मचे बोल्ट आधी हाताने लावून ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी दाबून हलवावी आणि मगच शेवटचा टॉर्क द्यावा.

दुसरी गोष्ट थेट ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये चॅसी आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये एक बारीक दांडी असते. ती ओझे ओळखणाऱ्या ब्रेक व्हॉल्व्हची. ओझ्याने मागची बाजू दबली, की ही दांडी व्हॉल्व्हला मागच्या ब्रेकचा दाब वाढवू देते. लिफ्टनंतर चॅसी एक्सलपासून दूर जाते, व्हॉल्व्हला गाडी नेहमीच रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. आपल्या गाडीत ही दांडी असेल, तर तिचे समायोजन केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. तसेच निघताना थरथर जाणवली, तर प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) कोन आणि त्याच्या मधल्या बेअरिंगची उंची तपासून घ्या.

अलाइनमेंट त्याच दिवशी करा. लिफ्टने कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) बहुधा कमी होतो, त्यामुळे स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही आणि वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते. समायोजनाने कॅस्टर पुरेसा मिळत नसेल, तर वरचे आर्म बदलावे लागतात. हेडलाइटचा झोत आणि समोर कॅमेरा किंवा रडार असल्यास तेही पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

दोन इंचांवर थांबा असे मी म्हणतो, त्यामागे उलटण्याचा धोकाही आहे. गाडीच्या स्थैर्याचा एक साधा निर्देशांक म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकांमधील अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. हे अंतर 1.55 मीटर आणि गुरुत्वमध्य 0.70 मीटरवर धरला, तर तो 1.11 येतो, गुरुत्वमध्य 5 सेंटिमीटर वर गेला, की 1.03. अडथळा चुकवायला घाईने घेतलेल्या वळणात हा फरक जाणवतो.

सुरुवातीला चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापे रोजच्या ओझ्यासह घेऊन लिहून ठेवा. बहुतेक पिकअप रिकामे असताना पुढून थोडे झुकलेले असतात, त्यामुळे पुढे आणि मागे सारखीच वाढ लागेल असे नाही. किट मागवताना ही मापे, पुढे लोखंडी बंपर किंवा विंच असल्यास त्याचे वजन आणि मागचे कायमचे ओझे, हे सगळे विक्रेत्याला कळवा.