नव्या वायरिंगनंतरची घरघर

प्रश्न (अमळनेर) : काका, राम राम. दिवाळीआधी घराचं सगळं वायरिंग बदललं. लाकडी पट्टीवरची जुनी वायर काढून भिंतीतल्या पाइपातून नवी टाकली, एसीची लाइनही ओढली. तेव्हापासून वडिलांच्या ॲम्प्लिफायरवर गाणं लावलं की मागे 'घुंऽऽ' असा आवाज येतो. पूर्वी कधीच नव्हता. टीव्हीचा आवाजही त्याच ॲम्प्लिफायरवर घेतला आहे, सेट टॉप बॉक्सला केबलवाल्याची वायर आहे. वायरमन म्हणतो, मीटरपासून चार स्क्वेअरची (म्हणजे चार चौरस मिलिमीटर छेदाची, जाड) वेगळी लाइन टाकू. जळगावचा दुकानदार आठ हजारांची पॉवर केबल दाखवतो. कोणाचं ऐकू?

उत्तर : सध्या दोघांचंही नको. घरघर आली ती वायरमनचं काम वाईट झालं म्हणून नव्हे, बहुतेक चांगलं झालं म्हणून. जुन्या पट्टी वायरिंगच्या घरांत बोर्डाला भोकं तीन असायची, पण तिसऱ्याच्या मागे अनेकदा वायरच नसायची. आता तुमच्याकडे खरं अर्थिंग आलं. ॲम्प्लिफायरची बॉडी घरच्या अर्थिंगला जोडली गेली. केबलवाल्याच्या वायरीची जाळी मात्र बाहेर कुठेतरी दुसरीकडेच जमिनीला टेकलेली असते. या दोन जमिनींत थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. तो ऑडिओच्या लीडमधून वाट काढतो आणि 50 हर्ट्झचा गुणगुणाट स्पीकरवर येतो.

खात्री करणं फुकट आहे. गाणं बंद ठेवून घुं ऐकत राहा आणि बॉक्सच्या मागची केबलवाल्याची वायर काढा. आवाज जागीच थांबला तर चोर सापडला. मग त्या वायरीत आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण दोन जमिनींची जोड तोडणारा तुकडा) बसवून घ्या, किंवा बॉक्स आणि ॲम्प्लिफायरच्या मधल्या लीडमध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. टीव्ही, बॉक्स, ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर सगळं एकाच बोर्डावरून चालवा. सगळ्या लीड काढूनही घुं राहिलं, तर तक्रार वायरिंगची नाही. ॲम्प्लिफायरच्या आतले फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून तिची धार एकसारखी करणारे भाग) तपासायला द्या. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यांत ते लवकर सुकतात. त्यांची घरघर 100 हर्ट्झची, म्हणजे जरा वरच्या पट्टीतली असते.

कोणी सांगेल, 'तिसरी पिन काढून टाका, आवाज जाईल.' जाईलही. पण ॲम्प्लिफायरची बॉडी लोखंडी आहे. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की फेज त्या बॉडीवर येईल आणि व्हॉल्यूम वाढवायला गेलेल्या पोरावर बेतेल. हा उपाय करायचाच नाही.

आता चार स्क्वेअरचा हिशेब. दीड स्क्वेअर तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण 12 ओहम. मीटर 15 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 30 मीटर, म्हणजे 0.36 ओहम. ॲम्प्लिफायरने एक अँपिअर ओढला तर व्होल्टेज पडलं जेमतेम एक तृतीयांश व्होल्ट. चार स्क्वेअर टाकून तुम्ही वाचवणार त्यातला पाव व्होल्टसुद्धा नाही. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की घरचं व्होल्टेज याच्या कितीतरी पट हलतं, तरी तुम्हाला गाण्यात फरक कळत नाही. कारण ॲम्प्लिफायर 230 व्होल्ट थेट वापरतच नाही. तो आधी डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवतो. विहिरीवरची मोटार कशीही धडधडू दे, टाकी भरलेली असली की नळाची धार एकसारखी राहते, तसं. भिंतीत शंभर फूट साधी वायर असताना शेवटचं दीड मीटर आठ हजारांचं लावून काय साधणार?

तांब्यावर खर्च करायचाच असेल तर स्पीकरच्या वायरीवर करा. अर्ध्या स्क्वेअरची बारीक वायर दहा मीटर नेली की जाऊन-येऊन पाऊण ओहमच्या वर रोध होतो. चार ओहमच्या स्पीकरपुढे तो जवळजवळ पाचवा हिस्सा झाला. तबल्याचा बायाँ ढिला वाटतो तो इथे. दीड स्क्वेअरची साधी वायर लावा, पुरे.

प्रश्न (शहादा) : लाइट गेली की इन्व्हर्टरवर स्पीकर चर्रर करतो. स्पीकर खराब झाला का?

उत्तर : नाही ताई. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देणारा असावा. त्याच्या धारदार लाटेत वरच्या फ्रिक्वेन्सी खच्चून भरलेल्या असतात, त्या ऐकू येतात. साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाटेचा घेतलात की थांबेल. लाइट असतानाही पंखा हळू केल्यावर चर्रर येत असेल, तर गोल फिरणारा डिमरसारखा रेग्युलेटर काढून स्टेपचा बसवा.

प्रश्न (यावल) : उन्हाळ्यात ॲम्प्लिफायरला हात लावला की मुंग्या येतात, पावसाळ्यात येत नाहीत. असं का?

उत्तर : काळी माती. मे महिन्यात तिला भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि अर्थचा रोध वाढतो. मग यंत्रांतून झिरपणारा करंट जमिनीत न जाता बॉडीवरच थांबतो. पाणी ओतल्याने तात्पुरतं भागेल, पण वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या आणि खड्डा नव्याने भरून घ्या. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल, तर स्टीरिओच्या आधी तो बसवा.