कोकणात सॅलडचा बटाटा: मोहोराच्या थंडीवर लावा, कोवळा काढा

ताई, तुम्ही लिहिलंय की मॉलमधून आणलेले बारीक बटाटे दसऱ्याला ग्रोबॅगमध्ये लावले, पाला मांडीपर्यंत वाढला आणि उपटल्यावर खाली गोट्यांएवढे चारच निघाले. आणि दुसरं म्हणजे बाजारातला बटाटा उकडून सॅलड केलं तर फोडी मोडून त्याचं भरीत झालं. मी रत्नागिरी तालुक्यात खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहतो, आठ वर्षं परसात बटाटा लावतोय आणि पहिली दोन वर्षं माझंही अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लावणीचं. तुमच्या खतात किंवा बॅगेत काही चूक नव्हती, चुकली ती तारीख. बटाट्याचं झाड वाढतं उन्हावर पण खाली बटाटा धरतं ते रात्रीच्या गारव्यावर. रात्रीचा पारा १५ ते २० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम, रात्री उकडत असेल तर दिवसभर पानांनी केलेली बरीचशी साखर झाड रात्री श्वासातच संपवतं आणि जमिनीखाली बटाटा धरायचा हुकूमच नीट सुटत नाही, मग नुसता पाला वाढत राहतो. दसऱ्याला लावलंत म्हणजे तुमचं झाड ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात वाढीला लागलं. आपल्याकडे किनाऱ्यावर जानेवारीत पहाटे साधारण १८-१९ अंश होतात, तेवढीच काय ती आपली थंडी. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, बटाट्याला धरण्यासाठी लहान दिवस आवडतो आणि तो आपल्याला हिवाळ्यात आपोआप मिळतो.

मी आता कॅलेंडर आंब्यावर लावतो. ज्या थंडीवर हापूसला मोहोर फुटतो त्याच थंडीवर बटाटा धरतो, त्यामुळे मोहोर भरात असताना बटाट्याचं झाड ३०-४० दिवसांचं असायला हवं. उलट मोजत गेलं की लावणी येते तुळशीचं लग्न आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत. डिसेंबरच्या १० तारखेनंतर मी लावत नाही कारण फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा तापायला लागतं आणि खाडीकाठच्या विहिरींचं पाणीही मचूळ व्हायला लागतं, बटाट्याला ते मुळीच मानवत नाही. माझ्या काकूचं घर संगमेश्वरच्या आत डोंगराच्या पायथ्याशी आहे, तिथे रात्री स्वेटर लागतो. एका वर्षी एकाच पोत्यातलं बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, दोघांनी एकाच आठवड्यात लावलं तर तिच्याकडे दर झाडामागे माझ्या जवळजवळ दुप्पट माल निघाला, माती दोघांचीही जांभ्याचीच. तेव्हा कुणी आंबोली, लांजा, चिपळूणच्या वरच्या अंगाला असेल तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिवस मिळतील.

आता जात. सॅलड पोटॅटो म्हणून परदेशात जी नावं घेतात, उदाहरणार्थ फ्रान्समधली १९८१ ची शार्लट किंवा इंग्लंडमध्ये दीडशेहून जास्त वर्षं लावतात ती वेडीवाकडी लांबोडकी पिंक फर ॲपल, ती बी-बटाट्याच्या रूपात कुणा पाहुण्याच्या बॅगेतून आणायचा विचार करू नका. परवाना आणि क्वारंटाइनशिवाय बेणं आणायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, बटाट्याबरोबर मातीतले रोग येतात. मॉलमधले ‘बेबी पोटॅटो’ म्हणजे बहुतेक वेळा नेहमीच्याच जातीतले चाळून वेगळे काढलेले बारीक बटाटे, त्यात सॅलडची जात अशी काही नसते. शिवाय कोल्ड स्टोरेजमधल्या खायच्या बटाट्याला पुष्कळदा कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं, ते बेणं म्हणून घेऊच नये.

आपल्याला हवा तो मेणासारखा घट्ट बटाटा, ज्यात स्टार्च कमी आणि पाणी जास्त. आपल्या जातींत मला त्यासाठी कुफरी पुखराज आवडतो, आतून पिवळसर, उकडल्यावर धार धरून राहतो आणि लवकर पोसतो. कुफरी सूर्या ही २००६ ची जात मुद्दाम उष्ण रात्री सोसणारी म्हणून काढलेली आहे, तिच्या वंशात पठारी भागासाठीची १९७२ ची ‘कुफरी लवकर’ नावाची जात आहे. किनाऱ्यावर खात्रीने काहीतरी निघावं असं वाटत असेल तर सूर्या लावा पण मग कोवळी काढा. चिप्सोना मात्र सॅलडसाठी नको, ती वेफर्सची जात, स्टार्चने भरलेली, फोड उकळत्या पाण्यात फुटलीच समजा. बेणं दरवर्षी नवीन घ्या, आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात घरचं बेणं टिकवायचा मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा सडलं.

बेणं अंड्यापेक्षा लहान, ३०-४० ग्रॅमचं निवडा आणि कापू नका, आपल्या दमट हवेत कापलेली बाजू सुकायच्या आत कुजते. पडवीत उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा जागी पंधरा दिवस पसरून ठेवा, जाड आखूड जांभळट कोंब आले की तयार. आम्हाला मोठे बटाटे नकोतच, म्हणून डोळे मोडू नका, जितके कोंब तितके बारीक बटाटे जास्त, आणि अंतरही वीतभर ठेवलं तरी चालतं. जांभ्याची माती आंबट असते ती बटाट्याला चांगलीच, साल खरबरीत करणारा खवड्या रोग आंबट मातीत कमी येतो, म्हणून चुना घालायचा उत्साह नको आणि चुलीची राखही मूठभरच. माती दोन भाग, जुनं शेणखत एक भाग, नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, एवढं पुरतं. बॅग अर्धीच भरा, झाड वीतभर झालं की वरून मातीची भर द्या, आठ-दहा दिवसांनी पुन्हा, आणि वर भाताचा पेंढा किंवा गिरीपुष्पाचा पाला जाड अंथरा. पेंढ्याने माती गार राहते आणि पाणी घालताना बटाटा उघडा पडत नाही, उघडा पडून हिरवा झालेला बटाटा कडू होतो, त्यातलं विष उकडूनही जात नाही, तो टाकूनच द्यायचा.

दोन गोष्टींत अजिबात सवलत घेऊ नका. एक म्हणजे जिथे आदल्या वर्षी वांगी, टोमॅटो, मिरची होती ती माती वापरू नका, आपल्याकडे मर रोग मातीत बसलेला असतो आणि बटाटा त्याच कुळातला. हिरवंगार झाड दुपारी अचानक मान टाकू लागलं तर देठ कापून पाण्याच्या ग्लासात धरा, दुधासारखी धार खाली उतरली की मरच, ते झाड मातीसकट बाहेर काढा, लांब टाका, कंपोस्टमध्ये नको. दुसरं म्हणजे पाणी, सकाळी, बेताचं, रोज बोट घालून बघून. माडाखाली लावू नका, मुळं बॅगेच्या भोकातून आत येतात आणि ऊनही कमी पडतं. वानर, घुशी आणि साळिंदर यांचं काय करायचं ते प्रत्येकाने आपल्या वाडीप्रमाणे बघायचं, मी बॅगा पडवीलगत जाळीत ठेवतो.

काढणी हा सॅलडसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि इथेच लोक चुकतात. झाड पिवळं पडून वाळायची वाट बघायची नाही. ७० ते ७५ दिवसांनी, पाला अजून हिरवा असताना बाजूची माती हाताने उकरून बघा, लिंबाएवढे झाले असतील तर काढा. कोवळ्या बटाट्यात स्टार्च अजून भरलेला नसतो, त्यामुळे कुठलीही जात कोवळी असताना जास्त घट्ट राहते, आणि साल इतकी पातळ की अंगठ्याने निघते. आठवडाभर आधी पाणी कमी करा. हे बटाटे टिकत नाहीत, दोन-तीन आठवड्यांत संपवा, आणि फ्रिजमध्ये नको, थंडीने गोड होतात.

आता तुमचं भरीत. बाजारातला बटाटा कसा आहे हे बघायची सोपी रीत सांगतो, अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि कच्चा बटाटा सोडा, तरंगला तर सॅलडचा, बुडाला तर वड्याचा. कुकर लावू नका, त्यात बाहेरून फाटतो आणि आतून कच्चा राहतो. सालीसकट, एकसारख्या आकाराचे, गार पाण्यात मीठ घालून ठेवा, उकळी आली की आच कमी, पाणी नुसतं थरथरत राहील एवढीच. आणि त्या पाण्यात तीन-चार आमसुलं टाका. आपल्या आया आमटीत आमसूल शेवटी घालतात ना, आधी घातलं तर बटाटा शिजत नाही म्हणून, तेच इथे मुद्दाम करायचं. आंबटपणाने फोडीला धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, बटाटा शिजतो पण कडा शाबूत राहतात. वेळ थोडा जास्त लागतो, सुरीचं टोक सहज गेलं की लगेच उपसा आणि चाळणीत वाफ जाऊ द्या.

गरम असतानाच दोन तुकडे करून त्यावर चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, शिंपडा, गरम बटाटा आत ओढून घेतो, गार झाल्यावर चव वरवर राहते. आगळात मीठ असतं, तेव्हा मीठ चाखून. मग पातीचा कांदा, बारीक हिरवी मिरची, कोथिंबीर, मूठभर ओलं खोबरं, आणि खोबरेलात मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. मेयोनीजपेक्षा मला हे कितीतरी पटीने आवडतं. फेब्रुवारीत बटाटे निघतात तेव्हाच ओले काजूगर यायला लागतात, सोललेले गर पाच मिनिटं वाफवून त्यात मिसळा. मासे खाणारे असाल तर सुकट कोरडी भाजून, डोकी काढून, वाढायच्या अगदी वेळेला वरून घाला, आधी घातली तर मऊ पडते.

आणि रायगडकडचे कुणी असतील तर हाच कोवळा बटाटा पोपटीच्या, म्हणजे शेंगा भाजायच्या, मडक्यात घालून बघा, भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगांबरोबर अख्खाच्या अख्खा राहतो. ताई, तुमच्या बॅगांतली जुनी माती आता उन्हात पसरून ठेवा, त्यात काही वांगंबिंगं लावलं होतं का ते आठवून सांगा, आणि तुमचं घर किनाऱ्यालगत आहे की आत ते कळवा, म्हणजे पुखराज की सूर्या ते नक्की सांगता येईल.