केस पेपर खिशात ठेवा

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या बाई पोलीस दलातून निवृत्त झाल्या असून त्यांनी ठाणे अंमलदार म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे.)

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या सोडल्या की त्याला आवाज ऐकू येतात. गेल्या महिन्यात रात्री त्याने शेजाऱ्यांच्या दारावर दगड मारले. त्यांनी ११२ ला फोन केला. पोलीस त्याला घेऊन गेले, रात्रभर लॉकअपमध्ये ठेवलं आणि सकाळी समज देऊन सोडलं. गुन्हा नोंदवला नाही. हे बरोबर होतं का? पुन्हा असं झालं तर मी काय करायचं? – एक आई

ताई, बरोबर नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १०० खास ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यासाठी आहे. आजारामुळे कोणी स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरेल असं वाटलं, तर त्याला संरक्षणात घ्यायचं, त्याला किंवा त्याच्या माणसांना कारण सांगायचं आणि शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचं. अशा माणसाला कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, हेही त्याच कलमात लिहिलं आहे. तपासून डॉक्टर म्हणाले की भरती करायची गरज नाही, तर त्याला घरी पोचवण्याची जबाबदारीसुद्धा पोलिसांचीच.

मग तुमच्या मुलाचं असं का झालं? बहुधा ‘प्रतिबंधात्मक’ म्हणून आत घेतलं असेल. आमच्या वेळी सगळे ‘एकशे एक्कावन्न खाली घ्या’ म्हणायचे. म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५१, गुन्हा होऊ नये म्हणून आधीच ताब्यात घ्यायचं. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १७० झालंय. दारू पिऊन भांडणारा, शेजाऱ्यावर धावून जाणारा, सगळे त्याच एका कलमात बसतात. ते सोपं पडतं, कारण त्याला दवाखाना लागत नाही.

दवाखान्याचा रस्ता कसा असतो तेही ऐका. रात्रपाळीला माणसं मोजकी. त्यातली दोन रुग्णाला धरून कॅज्युअल्टीत बसतात. डॉक्टर विचारतात, नातेवाईक कुठे आहेत? आधीचे कागद कुठे आहेत? मनोविकारतज्ज्ञ सकाळी येतील. बेड नाही. दुसरीकडे न्या. तोवर वायरलेसवर दुसरा कॉल आलेला असतो. लॉकअप मात्र कधी ‘बेड नाही’ म्हणत नाही. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. तुम्हाला नेमकं कुठे जोर लावायचाय ते कळावं म्हणून सांगते.

तर जोर लावायची पहिली जागा म्हणजे फोन. शेजाऱ्यांच्या आधी तुमचा फोन गेला पाहिजे, ११२ ला किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला. ‘मुलगा दंगा करतोय’ असं सांगू नका. सांगा की मुलगा मानसिक रुग्ण आहे, अमुक रुग्णालयात उपचार चालू होते, गोळ्या सुटल्यात, हातात हत्यार आहे किंवा नाही, आणि कोणी बोललं तर तो ऐकतो. कॉलवर जे सांगितलं जातं तेच वायरलेसवर जातं आणि दारात येणारा शिपाई ते डोक्यात घेऊनच येतो. हत्यार असेल तर ते लपवू नका. शिपायालाही घर आहे.

दुसरी गोष्ट, केस पेपर. शेवटचं प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचा शिक्का असलेला एखादा कागद, या सगळ्याच्या झेरॉक्स घरात तीन ठिकाणी ठेवा. मोबाईलमध्ये फोटो ठेवा. रात्री दीड वाजता तुम्ही तोंडाने ‘स्किझोफ्रेनिया’ म्हणालात तर ते कुणाच्या कानात शिरत नाही. सरकारी रुग्णालयाचा शिक्का पाहिला की शिपायाचाही सूर बदलतो. हे मी टेबलाच्या पलीकडून अनेकदा पाहिलंय.

तिसरी जागा स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही. मुलाला ठाण्यात आणलंच, तर ठाणे अंमलदाराला शांतपणे सांगा : साहेब, ‘कलम १०० प्रमाणे संरक्षणात घेतले’ अशी नोंद करा आणि वेळ टाका. २४ तास मोजायचे ते त्याच वेळेपासून. रुग्णालयासाठी मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी द्यायचं पत्र, मागा आणि सोबत तुम्ही स्वतः जा. नातेवाईक बरोबर असला की कॅज्युअल्टीतले निम्मे प्रश्न संपतात. ठाण्यात आवाज चढवू नका, पण उठूनही जाऊ नका.

मुलगा बरा असतानाचं एक काम राहिलं. या कायद्यात त्याला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस, नेमता येतो. साध्या कागदावर लिहून, सही करून. तो कागद केस पेपरला टाचून ठेवा. आणि शेजाऱ्यांच्या दाराचं काय नुकसान झालं असेल ते भरून द्या. पुढच्या वेळी ते आधी तुमची बेल वाजवतील.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला गर्दची पुडी घेताना पकडलं. माल जेमतेम एक ग्रॅम होता. जामीन झाला आहे. व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं तर केस जाते, असं कोणी सांगितलं. खरं आहे का? – एक भाऊ

अर्धं खरं आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधातला कायदा, १९८५ चा. त्यात कलम ६४ अ आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा, म्हणजे कलम २७ चा, किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असेल आणि तो स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्या आरोपासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. गर्द, म्हणजे हेरॉईन, ५ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाणात धरतात, गांजा १ किलोपर्यंत. तुमच्या भावाचा माल त्यात बसतो. पण विकत होता असा पुरावा असेल तर हे विसरा.

आता अटी. उपचार सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा सरकारमान्य ठिकाणीच हवा. भावाने स्वतः तयार व्हायला हवं. तुम्ही हातपाय बांधून नेलंत तर ते ‘स्वतःहून’ कसं होईल? आणि उपचार पूर्ण व्हायला हवा. मध्येच पळून आला तर ही सवलत काढून घेता येते. आपोआप तर काहीच होत नाही. वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि भरतीपासून पुढच्या प्रत्येक तारखेपर्यंतचे कागद जोडावे लागतात. वकील या कलमाबद्दल काही बोलत नसेल तर तुम्ही विषय काढा.

समजा हे जमलं नाही आणि दोषी ठरला, तरी कलम ३९ उरतं. लगेच शिक्षा देण्याऐवजी, त्याची संमती असेल तर, बंधपत्रावर उपचारासाठी सोडण्याचा अधिकार कोर्टाला आहे.

बाहेर कुलूप, आत मार आणि नातेवाईकांना महिनाभर भेट नाही, अशी केंद्रंही निघालीत. तिथून सुटलेली पोरं मी ठाण्यात बघितलीत, अंगावर वळ घेऊन आलेली. नोंदणी प्रमाणपत्र मागा. दाखवत नसतील तर माघारी फिरा. आणखी एक सांगते, बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं : २०१७ च्या कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही ‘मानसिक आजार’ या व्याख्येत येतात. म्हणजे वर ताईंना सांगितलेलं कलम १०० नशेमुळे भ्रमिष्ट झालेल्या माणसालाही लागू पडू शकतं.

प्रश्न : पत्नीने जीव द्यायचा प्रयत्न केला. पोलीस केस होईल या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर झाला. आता ती ठीक आहे, पण मनातून धास्ती जात नाही. – नाव नको

दवाखान्यातून पोलिसांना कळवतात, पोलीस येतात, जबाब घेतात. तेवढं होणारच. पण २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं गृहीत धरतं की अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. तिला उपचार आणि पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. पुन्हा कधी तशी वेळ आली तर आधी रुग्णालय, बाकी सगळं नंतर. तिला एकटीला सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्हीही बोला. धास्ती तुमची पण आहे.

प्रश्न : परदेशात मनोरुग्णांसाठी पोलिसांची वेगळी तुकडी असते असं वाचलं. आपल्याकडे प्रशिक्षण का देत नाहीत? – निवृत्त शिक्षक

सर, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८८ मध्ये ते सुरू झालं. आदल्या वर्षी पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण मेला होता, त्यानंतर. तिथे निवडक पोलिसांना ४० तासांचं प्रशिक्षण देतात : कसं उभं राहायचं, आवाज किती ठेवायचा, घाई कशी टाळायची. पुढे ते बऱ्याच शहरांनी उचललं. पण मेम्फिसची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. तिथे रुग्णालयाचं एक ठरलेलं दार होतं आणि पोलिसांनी आणलेल्या माणसाला त्या दारातून परत पाठवत नसत.

माझं मत विचाराल तर प्रशिक्षण द्यावंच. मात्र हळुवार बोलणारा शिपाईसुद्धा तीन रुग्णालयं फिरून थकला की लॉकअपची किल्ली काढतो. जिल्हा रुग्णालयात रात्री मनोविकारासाठी दोन खाटा राखून ठेवा आणि एक डॉक्टर ऑन कॉल ठेवा. मला विचारलं तर पैसा आधी तिथे घालावा.

प्रश्न : भाऊ कच्चा कैदी आहे. आधीपासून त्याच्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालू होत्या, आत मिळत नाहीत. – एक बहीण

तुरुंग अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, सोबत केस पेपर जोडा आणि पोच घ्या. दुसरी प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. वकील तिथे फुकट मिळतो. त्या वकिलाकरवी कोर्टात अर्ज करा की भावाची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०३ मानसिक आजारी कैद्यांसाठीच आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. पुढच्या तारखेची वाट बघू नका. गोळ्या अचानक बंद झाल्यात, हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत येऊ द्या.