डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा खेळ) मधल्या सामुराई पात्राला जपानी वाटेल असं नाव कसं द्यायचं? नावं बनवणाऱ्या जनरेटरने ‘ताकेल्झू रिनव्हा’ दिलंय, चालेल का?

नाही चालणार. जपानीत ‘ल’ नाही, ‘व्ह’ नाही, ‘ल्झ’सारखं जोडाक्षर तर नाहीच. शब्द स्वरावर संपतो, नाहीतर ‘न’वर. सि, ति, तु, हु यांच्या जागी शि, चि, त्सु, फु येतात. ख, घ, भ विसरा. ‘फँटसी आहे, काहीही चालतं’ म्हणणाऱ्या डीएमना (खेळ चालवणाऱ्यांना) मी एवढंच विचारतो: कुणी मराठा सरदाराचं नाव ‘अय्यरसिंग पाटीलकर’ ठेवलं तर तुम्ही गप्प बसाल?

आडनाव आधी येतं आणि बहुतेकदा जमिनीवरून पडलेलं असतं: यामा डोंगर, कावा नदी, ता भातशेत, इशि दगड. जोडताना दुसऱ्या तुकड्याचं पहिलं व्यंजन बरेचदा मऊ होतं, म्हणून यामा+ता यामादा. किरी (धुकं) आणि कावा मिळून किरिगावा. नाकाता आणि नाकादा दोन्ही आडनावं आहेत, तेव्हा इथे फार डोकं लावू नका. ‘मोरी’ मात्र टाळा. अर्थ वन, पण मराठी टेबलावर तुमचा सरदार शेवटपर्यंत न्हाणीतच राहील.

सामुराईचं नावही दोन तुकड्यांचं: नोबु, मित्सु, तादा, मासा, हिदे, यासु. यातला एक तुकडा घराण्यात पुढे चालतो. ओदा या सरदार घराण्यात नोबुहिदे, त्याचा मुलगा नोबुनागा, नातू नोबुतादा. दुसरा तुकडा मालकाकडून बक्षीस मिळू शकतो, आणि कॅम्पेनला (अनेक बैठका चालणाऱ्या खेळाच्या कथेला) खरा मसाला तिथेच आहे. पुढे शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश झालेला तोकुगावा इएयासु लहानपणी ताकेचियो होता. पुढे मोतोयासु झाला. त्यातला ‘मोतो’ त्याच्या मालकाचा, इमागावा योशिमोतोचा. 1560 मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत योशिमोतो मारला गेला, आणि 1563 मध्ये याने ‘मोतो’ टाकून इएयासु नाव घेतलं. म्हणजे मालक बदलला की कॅरेक्टर शीटवरचं नाव खोडायचं. असं वळण जनरेटर देईल?

तर किरिगावा मित्सुतादा, मुलगा तादामासा. पण हे नाव तोंडावर घेणं उद्धटपणा. रोजचं नाव वेगळं असायचं. नोबुनागाचं साबुरो, म्हणजे तिसरा. तुमच्या पात्राला जिरो, म्हणजे दुसरा, लिहून ठेवा. पार्टीतले ओरडतानाही तेच सोपं पडेल. गावकरी एनपीसी (डीएमने चालवलेलं पात्र) असेल तर आडनाव न लावता नुसतं गोन्सुके किंवा जिनबेई. बाईचं नाव छोटं, पुढे ‘ओ’: नोबुनागाची बहीण ओइची.

हे सगळं सेन्गोकू काळाच्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवी युद्धांच्या आसपासचं. त्याआधीच्या हेइआन काळाची (794 ते 1185) दरबारी धाटणी हवी असेल तर बायकांना ‘-को’ लावा. चिनी किंवा व्हिएतनामी पात्राला यातलं काही लावू नका, आणि एकाच नावात दोन देश तर अजिबात नकोत.