रॉकेल, खोबरेल आणि पहिली वेलांटी

गेल्या महिन्यात याच पानावर एका उत्तरात मी सहज लिहून गेले, की साताऱ्यात ३१ वर्षं टायपिंगचा क्लास चालवला आणि क्लासमधली दोन मशीन घरी अजून चालू आहेत. त्यावर एवढी पत्रं आली, की संपादकांनी हा महिना टाइपरायटरलाच देऊन टाकला. ज्यांनी मधुमेह आणि कुंडीतल्या कढीपत्त्याबद्दल विचारलंय, त्यांनी एक महिना दम धरावा.

प्रश्न : बाबांचं गोदरेजचं मराठी मशीन २०२१ च्या जुलैच्या पुरात दोन दिवस गाळाच्या पाण्याखाली होतं. तेव्हा घर सावरण्याच्या गडबडीत ते पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. आता उघडलं तर एकही कळ दबत नाही. इथले दुकानदार म्हणतात भंगारात द्या. बाबा आता नाहीत, म्हणून द्यावंसं वाटत नाही. – एक वाचक, चिपळूण

देऊ नका. निदान मी सांगते तेवढं करून बघितल्याशिवाय देऊ नका.

पहिली गोष्ट, कळा जोरात दाबू नका. आत गाळ वाळून सिमेंट झालेला असतो. तुम्ही जोर लावलात तर गाळ सुटत नाही, दांडी वाकते. वरचं झाकण काढा आणि पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. कुठली स्प्रिंग कुठल्या आकड्यात अडकवलेली होती, हे नंतर देवालासुद्धा आठवत नाही. मग कोरड्या ब्रशने, रंगाचा एक इंची चालेल, गाळ झाडून घ्या. हे काम ओट्यावर नको, अंगणात करा.

आता धुणं. कागद ज्याच्यावर गुंडाळतो तो काळा रबरी रोलर आणि त्याच्या खालचे छोटे रोलर सहज निघत असतील तर काढून बाजूला ठेवा, रॉकेल लागलं की रबर फुगतं. निघत नसतील तर निदान फडक्याने गुंडाळा. रॉकेल हल्ली मिळत नाही, पण रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन मिळतं, ते चालतं. चूल, शेगडी, उदबत्ती यांपासून लांब बसायचं. कळांच्या दांड्या जिथे अर्धगोलात ओळीने खोचलेल्या दिसतात, त्या भागाला आम्ही सेगमेंट म्हणायचो. सगळा रोग बहुधा तिथेच असतो. त्या खाचांमध्ये ब्रशने टर्पेंटाइन सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी एकेक दांडी बोटाने उचला. आली तर आली, नाही आली तर पुन्हा भिजवा. एका दांडीला चार दिवस लागले तरी कुरकुर करू नका. इतक्या वर्षांचा गंज एका सकाळी सुटत नाही.

सगळ्या दांड्या हलायला लागल्या की उन्हात वाळवा. आणि इथेच माणसं चुकतात. दांड्या हलल्या म्हणून आनंदाच्या भरात सेगमेंटमध्ये तेल सोडतात. सोडू नका. तेलावर धूळ बसते, धुळीचा चिकटा होतो आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. सेगमेंट स्वच्छ आणि कोरडा हवा. शिलाई मशीनचं तेल फक्त कॅरेज, म्हणजे रोलरसकट डावी-उजवीकडे सरकणारा वरचा भाग, ज्यावर सरकते त्या रुळांवर, तेही काडीच्या टोकाने थेंबभर.

हे मला कोणी शिकवलं असं नाही, मी चुकून शिकले. क्लास सुरू केला त्या पहिल्याच वर्षी थंडीत मशीन जड झाली, म्हणून मी सगळ्या १४ मशीनना प्रेमाने खोबरेल तेल घातलं. घरात तेच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बॅचची मुलं आली, कागद लावले, आणि सगळा वर्ग मुका! जानेवारीतल्या साताऱ्याच्या गारठ्यात खोबरेल बाटलीत गोठतं तसं ते मशीनमध्ये गोठून बसलं होतं. महिन्यातून एकदा कोल्हापूरहून मेकॅनिक यायचे, त्यांना तार करून बोलावलं. त्यांनी दोन दिवस रॉकेलने चौदाही मशीन धुतली, एक शब्द बोलले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, “बाई, तेल डोक्याला लावा.”

कॅरेज सरकत नसेल तर डाव्या बाजूचा पट्टा बघा. आत स्प्रिंगचा एक डबा असतो, घड्याळासारखा गुंडाळलेला. तो कापडी पट्ट्याने किंवा दोरीने कॅरेजला ओढत असतो. पुरात तो पट्टा कुजला असणार. मासेमारीची जाड नायलॉनची दोरी लावून मी दोन मशीन चालू केली आहेत आणि चिपळुणात ती दोरी मिळायला अडचण पडू नये. डबा हातातून सोडू मात्र नका, बोटं सोलून निघतात. आणि कॅरेज पूर्ण उचलून काढायच्या फंदात पडू नका. आतल्या बारीक गोळ्या घरंगळल्या की कपाटाखाली जातात आणि मग कपाटाचीच होतात.

एवढं करूनही एखादी दांडी किंवा स्प्रिंग तुटलेली निघाली तर नवा भाग मिळणार नाही. गोदरेजने आपल्या देशात बनलेलं पहिलं मशीन १९५५ मध्ये आणलं. पुढे आमच्याच जिल्ह्यात, शिरवळच्या कारखान्यात ही मशीन तयार होत होती आणि २००९ मध्ये ते काम थांबलं. तेव्हा एका मशीनला जगवायला दुसरं मेलेलं मशीन शोधायचं, हाच मार्ग. हे लिहिताना माझी मान खाली जाते, कारण २०१७ मध्ये मशीनवरची सरकारी परीक्षा बंद झाली आणि मी माझी बारा मशीन किलोच्या भावाने दिली. एकेक पंधरा किलोच्या आसपास. टेंपोवाल्याने ती एकावर एक रचली तेव्हा मी आत जाऊन चहा ठेवला, बघवेना म्हणून. ती ठेवली असती तर आज तुम्हाला दोन स्प्रिंगा पाकिटात घालून पाठवल्या असत्या.

प्रश्न : आजोबांचं मराठी मशीन मिळालंय. ‘शिक्षक’ लिहायला गेले तर ‘शक्षिक’ उमटलं. शिवाय उकार मारला की मशीन पुढे सरकतच नाही. दुरुस्तीला किती खर्च येईल? – एक वाचक, नाशिक

शून्य रुपये. मशीन ठणठणीत आहे, दुरुस्ती तुमच्या सवयीची करायची आहे.

मोबाइलवर आपण बोलतो त्या क्रमाने लिहितो, आधी श आणि मग वेलांटी. मशीनला उच्चार कळत नाही, त्याला कागदावरचा क्रम कळतो. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून ती आधी मारायची. रफार मात्र उलट, अक्षर झाल्यावर. ‘सूर्य’ लिहिताना य उमटला की मग त्याच्या डोक्यावर रफार.

उकार, मात्रा, अनुस्वार यांना स्वतःची जागा लागत नाही, त्या अक्षराच्या खाली नाहीतर वर बसतात. म्हणून त्या कळा मारल्या की कॅरेज मुद्दाम हलत नाही, अशीच रचना आहे. उलट एखाद्या उकारानंतर कॅरेज सरकून मध्ये भोक पडायला लागलं, तर समजा बिघडलं. तेव्हा पत्र लिहा.

आणखी एक कळेलच तुम्हाला. भ, ध, श, ण अशी अक्षरं सरळ सापडणार नाहीत. अर्धं अक्षर मारायचं आणि त्याला काना जोडायचा. कळा चाळीस-पंचेचाळीस, प्रत्येकीवर खाली-वर दोन खुणा, म्हणजे नव्वदच्या आसपास. तेवढ्यात बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, विरामचिन्हं सगळं बसवायचं होतं. ज्यांनी कोणी हे बसवलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. गावाकडच्या लग्नघरात एका खोलीत वीस पाहुण्यांची अंथरुणं घालावीत तसं काम आहे ते. बोटांना ही सवय एकदा लागली की सुटत नाही. माझे किती तरी विद्यार्थी आज कचेरीत संगणकावर रेमिंग्टनचाच, म्हणजे टाइपरायटरचाच जुना कळफलक लावून बसतात. नवा शिक म्हटलं तर हसतात.

प्रश्न : रिबीन सुकली आहे. नवी मिळते का? – एक वाचक, परभणी

मिळते, ऑनलाइन आणि जुन्या स्टेशनरीच्या दुकानातही. अर्ध्या इंचाची मागा. जुनी चक्री फेकू नका, नवी रिबीन तिच्यावरच गुंडाळायची, कारण नव्या चक्रीचा मधला आकार तुमच्या मशीनला बसेलच असं नाही. रिबिनीच्या टोकाला धातूचं बारीक भोक असतं, ते कापू नका. तिथे अडकूनच ती उलटी फिरते. सुकलेल्या रिबिनीला तेल लावून ओली करायचा उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेल. कागद तेलकट होतो, एवढंच.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे. जुन्या बाजारातून इंग्रजी पोर्टेबल घेतलं आणि त्यावर डायरी लिहिते. मैत्रिणी म्हणतात, फोटोसाठी केलेला देखावा आहे. मलाही कधीकधी तसंच वाटतं. तुम्हाला या मशीनमध्ये अजून काय दिसतं? – एक वाचक, पुणे

देखावा असेल तर असू दे की. पैठणी तरी आपण ऊब लागावी म्हणून नेसतो का?

पण तुम्ही माझं विचारलंय. टाइपरायटरवर मन एकाग्र होतं, शांत वाटतं, असं हल्ली फार वाचायला मिळतं. असं लिहिणाऱ्याला मी आमच्या क्लासच्या दहा बाय अठराच्या खोलीत बसवलं असतं, परीक्षेच्या आठवड्यात, चौदा मशीन एकदम चालू असताना. मला त्या कामाचं कौतुक नव्हतं. मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस शब्द, चूक झाली की गुण कापले, आणि परीक्षेला मशीन टेंपोत घालून केंद्रावर न्यायची. गाण्यासारखं काही नव्हतं त्यात.

मला जे आवडतं ते वेगळं आहे. या यंत्रात प्रत्येक बिघाडाला पत्ता असतो. ‘म’ची डावी बाजू पुसट आली, तर दांडीच्या टोकावरच्या म च्या खिळ्याच्या त्याच बाजूला काहीतरी झालंय. तुम्ही झाकण उघडता, ती दांडी उचलता, टाचणीने खोबणीतली शाई काढता, पुन्हा मारता. आला म. मोबाइल बंद पडला तर मी तो दुकानात देते आणि मुलगा काचेमागे काय करतो ते मला कळत नाही. या मशीनमध्ये कळ दाबल्यापासून कागदावर अक्षर उमटेपर्यंत जे घडतं ते सगळं डोळ्यांना दिसतं, बोटाने चाचपता येतं. बारावी नापास मुलगी महिन्याभरात ते समजून घेते. मी बघितलंय.

आणि माणूससुद्धा दिसतो. कागद उलटा करून पाठीमागून बोट फिरवलं की कोण मारतोय ते मला कळायचं. करंगळी कच्ची असेल तर कडेची अक्षरं फिकी, रागात असेल तर पूर्णविरामाने कागदाला भोक. माझ्याकडे उरलेल्या दोनपैकी नऊ नंबरच्या मशीनचा ‘र’ किंचित खाली बसतो. मी तो मुद्दाम नीट केलेला नाही. बेळगावला माझी धाकटी बहीण असते, तिला महिन्याला एक पत्र टाकते. परवा फोनवर म्हणाली, “ताई, यावेळी दुसऱ्या मशीनवर लिहिलंस ना? र वर आहे.” तुमच्या पोर्टेबलचं असं एखादं अक्षर असणारच. शोधून काढा, मग देखाव्याचं मनात यायचं नाही.

प्रश्न : वडिलोपार्जित मशीन विकायचं आहे. जुन्या टाइपरायटरला लाखो मिळतात म्हणे? – एक वाचक, नागपूर

मिळाले होते, एकाला. कॉर्मॅक मॅकार्थी नावाच्या अमेरिकन लेखकाचं ऑलिव्हेट्टी लेटेरा ३२ हे मशीन २००९ मध्ये लिलावात गेलं. किंमत आली दोन लाख ५४ हजार ५०० डॉलर. पण ते मोल त्यावर लिहिलेल्या पुस्तकांचं होतं. त्याच मॉडेलचं दुसरं मशीन त्यांच्या मित्राने त्यांना आणून दिलं, ते वीस डॉलरच्याही आतलं. म्हणजे लोखंडाची किंमत तेवढीच. मला त्या बातमीतली भलतीच गोष्ट खुपली. इतक्या वर्षांत या गृहस्थांनी मशीनची देखभाल म्हणून पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीने धूळ उडवली, बाकी काही नाही. माझ्या क्लासमध्ये असते तर पहिल्याच आठवड्यात ब्रश हातात दिला असता.

तुमचं मशीन चालू असेल तर विकण्याआधी त्यावर विकण्याची जाहिरात टाइप करून बघा. कागदाचा फोटोच टाका. बोलणी लवकर होतात. न चालणारं असेल तर चिपळूणच्या वाचकांना विचारते, त्यांना सुटे भाग लागतील.

प्रश्न : फ्लॅटमध्ये रात्री टाइप केलं की खालचे तक्रार करतात. – एक वाचक, ठाणे

खालच्यांचं बरोबर आहे. मशीनखाली जाड घोंगडी चार पदरी घाला, टेबल भिंतीपासून वीतभर सरकवा आणि रोलरवर एकाऐवजी दोन कागद लावा. रबर जुनं होऊन दगड झालेलं असतं, मागचा कागद ठोका झेलतो आणि अक्षरही स्वच्छ उठतं. एवढ्याने खटखट बरीच उतरेल. ओळ संपत आल्याची घंटी मात्र ऐकू जाणार. तिला उपाय नाही, कापूस कोंबू नका. रात्री दहानंतर हाताने लिहा.